नवरात्रात जेवणारी बाई

घट बसायला आठवडा उरला असताना यंदा आमच्या घरात भांडण झालं ते उपवासावरून. माझी एकोणीस वर्षांची भाची वर्षभरापूर्वी ॲनोरेक्सियातून, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायला लावणाऱ्या मानसिक आजारातून, बाहेर आली. ('बाहेर आली' असं मी सोयीसाठी म्हणते, त्याबद्दल पुढे बोलू.) तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, नवरात्रात उपवास नाही. नऊ दिवसांचा नाही, उठता-बसता नाही, धान्यफराळही नाही. झालं, फळ्या पडल्या. काका म्हणाले, खिचडी आणि रताळ्याचा कीस खाऊन आजवर कोण मेलंय, ही सगळी परदेशी पुस्तकांतली थेरं आहेत. चुलतबहीण म्हणाली, बायकांना उपाशी ठेवणारी परंपराच या आजाराचं मूळ आहे, उपवास सगळ्यांनीच बंद करा. रोज जिमला जाणाऱ्या भावाने तिसरंच टोक धरलं: फास्टिंग शरीराला चांगलंच असतं, डॉक्टरांना न्यूट्रिशन कळत नाही. जिच्यावरून हे चाललं होतं ती शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकत होती.

माझं मत आधीच सांगते. खाण्याच्या आजारातून उठलेल्या माणसाने उपवास करू नये, आणि घरच्यांनी त्याला त्याची कारणं देत बसायला लावू नये. पण या मताला मी ज्या वाटेने पोचते ती तिन्ही बाजूंना आवडायची नाही. कारण तिघेही उपवास चांगला की वाईट यावर भांडत होते, आणि प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता, बरं झालेलं माणूस बरं राहतं ते कशाच्या आधारावर?

मी स्वतः विशीत पाच वर्षं या आजारात होते, आणि उठून आता चौदा वर्षं झाली. वजनाचे, कॅलऱ्यांचे आकडे मी इथे देणार नाही. हा आजार असलेलं माणूस असा मजकूर वाचतं तेव्हा त्यातले आकडे टिपतं आणि स्वतःशी तुलना करतं. मीही तेच करायचे. तर, बरं राहण्याची कृती अगदी नीरस आहे. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून मोठी फट पडू द्यायची नाही. भूक असो वा नसो. कारण भूक नावाचा जो निरोप शरीराकडून यायचा, त्याची तार आजाराने तोडलेली असते; ती पुन्हा जुळेपर्यंत घड्याळ हीच भूक. माझ्या फोनमध्ये अजून अकराचा गजर आहे. वाजला की मी दोन बिस्किटं आणि केळं खाते, बैठक चालू असली तरी. यात काही उदात्त नाही. दारू सोडलेल्या माणसाला निदान दारूकडे पाठ फिरवता येते. जेवणाकडे कशी फिरवणार? ज्या गोष्टीशी लढाई झाली तिच्याच समोर दिवसातून पाच-सहा वेळा बसायचं, आणि प्रत्येक वेळी काही विशेष घडलं नाही असं उठायचं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. उपवासाने हा आजार होतो, असं नाही. महाराष्ट्रात कोट्यवधी माणसं एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार करतात आणि दुसऱ्या दिवशी वरणभात जेवून कामाला लागतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या उपवासांबद्दल पुरेसं सांगते. उपवासात घरातल्यांसोबत असण्याचं सुख आहे, बाईला एखादा दिवस स्वतःचा वाटण्याचं समाधान आहे. माझ्या आजीच्या आयुष्यात सोमवार हा एकच दिवस असा होता की ती काय खाणार हे ती ठरवायची. म्हणून चुलतबहिणीचा युक्तिवाद मला पटत नाही. सगळ्यांना एका मापाने मापणं हीच तर मूळ चूक आहे, मग ते माप उपवासाचं असो नाहीतर बंडाचं.

काकांचं 'परदेशी थेरं' मात्र सोडून देण्यासारखं नाही, कारण ते सुशिक्षित घरांतही सर्रास ऐकू येतं. या आजाराला वैद्यकात नाव मिळालं ते युरोपात, हे खरं. १८७३ साली पॅरिसच्या लासेगने आणि त्याच सुमारास लंडनच्या विल्यम गलने त्याची वर्णनं केली. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हा शब्द गलचा. पण नाव तिथे ठेवलं म्हणून आजारही तिथलाच, असं कसं? १९९१ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या शाळकरी मुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या दक्षिण आशियाई घरांतल्या मुलींमध्ये बुलिमियाचं (भरमसाट खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याच्या आजाराचं) प्रमाण गोऱ्या मुलींपेक्षा जास्त निघालं. आणि त्या मुलींमध्येही खाण्याबद्दलची कुतरओढ जास्त दिसली ती 'पाश्चात्य' वळणाच्या घरांत नाही, अधिक पारंपरिक घरांत. १९९५ मध्ये दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींच्या नोंदी मांडल्या. त्या जेवत नव्हत्या, त्यांना सतत उलट्या होत होत्या, वजन घटलं होतं, पाळी थांबली होती. पण 'मी जाड आहे' असं पुस्तकातलं वाक्य त्या म्हणत नव्हत्या. आपल्या घरांतही ते वाक्य क्वचितच ऐकू येतं. आपल्याकडे 'पित्ताचा त्रास आहे' म्हणतात, 'भूकच लागत नाही' म्हणतात, आणि वर्षातले काही महिने 'माझा उपवास आहे' म्हणतात. यांतलं शेवटचं वाक्य असं आहे की त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आजाराला याहून चांगला आडोसा कुठला?

धर्माच्या आडोशाला हा आजार, किंवा त्याच्या फार जवळचं काहीतरी, लपण्याची ही पहिली वेळ नाही. इटलीतली सिएनाची कॅथरिन ही संत १३८० साली तेहतिसाव्या वर्षी वारली. तिचं अन्न इतकं कमी झालं होतं की तिचे गुरूच तिला 'खा' म्हणून आज्ञा करत, आणि मला खाताच येत नाही, असं ती सांगे. तिच्या उपवासाला आजार म्हणावं की नाही, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते असणं योग्यच आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या भक्तीला आजचं निदान चिकटवणं धोक्याचं. मला त्या गोष्टीतली एकच बाब महत्त्वाची वाटते. उपवास श्रद्धेचा आहे की त्याने माणसाला धरलंय, हे ओळखायची एक खूण तिथे आहे: थांब म्हटल्यावर थांबता येतं का?

भावाच्या बाजूचं बोलायचं तर २०१८-१९ च्या सुमारास दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर महाराष्ट्रातली घरंच्या घरं दुभंगली होती. लग्नाच्या पंगतीत माणसं एकमेकांना 'तुम्ही कुठल्या पक्षाचे?' विचारायची. त्या वादात कोण बरोबर होतं, हे मी इथे सोडवत नाही. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती बघा: समोरच्या माणसाला भूक लागते, पोट भरतं, आणि जेवण लांबवलं तर फार तर चिडचिड होते. आमच्यासारख्यांच्या बाबतीत ते गृहीतच खोटं आहे. उपाशीपणा मनाचं काय करतो हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले छत्तीस धडधाकट तरुण स्वतःहून त्यात उतरले होते. महायुद्धात उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे शोधायचं होतं. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. आधी ज्यांना मनाचा कसलाही आजार नव्हता असे हे पुरुष स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तास-दोन तास पुरवू लागले, माणसांत मिसळेनासे झाले, स्वप्नातही जेवण बघू लागले. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी भागेना. म्हणजे आपण ज्याला आजारी मन म्हणतो त्यातला बराचसा भाग उपासमार स्वतःच तयार करते. एका दिवसाची एकादशी म्हणजे मिनेसोटा नव्हे, हे कबूल. पण ज्या माणसाचं मन त्या वाटेने एकदा जाऊन आलंय, त्याच्या पायाखाली ती वाट मळलेली आहे. तुम्ही एकादशीच्या उंबरठ्यावरून परत फिरता. तो आत चालत जातो, आणि त्याला ते तिसऱ्या दिवशी कळतं.

आणि मग येतो तो लाडका शब्द: मनोनिग्रह. 'उपवासाने मनोबल वाढतं, तिला तेच तर हवंय,' असं काका अगदी मनापासून म्हणाले. त्यांना कसं सांगू की मनोबल हाच या आजाराचा खुराक आहे? मी आजारी होते तेव्हा माझ्याइतका निग्रह आमच्या घराण्यात कुणाकडे नव्हता. सख्ख्या भावाच्या लग्नात मी पंगतीत वाढत फिरले आणि स्वतः ताटावर बसले नाही. सगळ्यांनी कौतुक केलं की पोरगी किती राबते. आपल्या मनात एक पक्की उतरंड आहे: न खाणारा वर, खाणारा खाली. उपोषणाचा आपल्याकडे मोठा राजकीय वारसाही आहे. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी १९४३ साली एकवीस दिवसांचं उपोषण केलं. पण उपोषणाला मागणी असते, नाहीतर मुदत. मंदिराचं दार उघडलं, एकविसावा दिवस उलटला, की कुणीतरी रसाचा पेला पुढे करतं. या आजाराची मागणी कधी मान्य होत नाही. एक पुरी केली की तो दुसरी मांडतो, आणि मुदत ठरवायला आपण शिल्लक राहू याची खात्री नसते. मानसिक आजारांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या मोजक्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते, ती उगाच नाही.

न खाणारा वर आणि खाणारा खाली, या उतरंडीविरुद्धची एक फार जुनी साक्ष आपल्याच भूमीतली आहे. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षं देह झिजवला, शेवटी सुजाताच्या हातची खीर घेतली, आणि मग त्याला बोध झाला. ही गोष्ट आपल्याला शाळेत कळते. मधला तुकडा सहसा सांगत नाहीत. त्याने अन्न घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्याच्याबरोबरचे पाच तपस्वी त्याला सोडून गेले. हा घसरला, याला चैन सुचली, असं त्यांना वाटलं. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतली एक मूर्ती आहे, फासळ्या मोजता येतील अशी, आणि जग तिच्यासमोर थक्क होऊन उभं राहतं. त्याने ज्या अवस्थेला चूक म्हणून मागे टाकलं, तिचीच आपण प्रतिमा डोळे भरून पाहतो! माझ्या भाचीला आज जे ऐकावं लागतंय ते त्या पाच जणांचंच बोलणं आहे. फरक इतकाच की त्या पाचांना पुढे सारनाथला मध्यम मार्ग ऐकायला मिळाला आणि त्यांनी तो ऐकला.

परंपरेच्या आतून विचार करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला योग साधत नाही म्हणतो आणि त्याच श्लोकात मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही म्हणतो. आपण पहिला अर्धा उद्धृत करतो. व्रत कशाने मोडत नाही याची आठ गोष्टींची यादी महाभारतात आहे: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य (यज्ञात अर्पण करायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. सकाळी आठचे पोहे हे भाचीचं औषध आहे, शब्दशः. यावर कुणी म्हणेल, वारकऱ्यांत असली पळवाट नाही, आणि ते बरोबर आहे. एकादशीला अन्न घेणाऱ्यांसाठी तुकोबांनी जे शब्द वापरलेत ते इथे लिहायलाही मन धजत नाही. तरी विचारते: इन्सुलिन घेणाऱ्या माळकरी आजोबांना तुम्ही ते अभंग ऐकवता का? नाही ना? त्यांना म्हणता, दादा, शुगर खाली जाईल, गोळी आणि भाकरी घ्या, पांडुरंगाला कळतं. गरोदर लेकीला म्हणता, पोटातल्या जिवाला कसला उपवास? मग या मुलीलाच शास्त्र का लागू होतं? मला एकच कारण दिसतं. शुगरचा आकडा कागदावर येतो, पोट पुढे आलेलं दिसतं. हिचा आजार दिसत नाही, आणि दिसायचा तेव्हा आपल्याला तो सुंदर वाटायचा. राहिला 'आपल्याकडे हे असंच चालत आलंय' हा मुद्दा. ज्या साबुदाण्यावर, बटाट्यावर, रताळ्यावर, शेंगदाण्यावर आणि हिरव्या मिरचीवर आपला उपवास उभा आहे, ती सगळी पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्याआधी यातलं काहीच इथे नव्हतं; ज्ञानेश्वरांच्या काळी साबुदाण्याची खिचडी कुणाच्या ताटात नव्हती. समुद्रापलीकडून आलेल्या कंदाला उपवासात बसवून घेणारी परंपरा एका पोरीला उपवासातून उठू देणार नाही?

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी घेते, कारण तो मी स्वतःच स्वतःवर घेतला होता. 'वर्ष झालं, आता बरी आहे ना? मग कायमची सूट कशाला?' काही जण बरे झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांशी बोलून, उपवास करतातही, आणि त्यांना काही होत नाही. मी हे नाकारत नाही. पण घसरण्याचा धोका पहिल्या वर्षा-दीड वर्षात सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच माणूस बाहेरून सगळ्यात ठणठणीत दिसतं. बरं होऊन दुसऱ्या वर्षी मी नवरात्र धरलं. देवीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. तिसऱ्या दिवशी आंघोळीनंतर सलवारीची नाडी बांधताना ती नेहमीपेक्षा दोन बोटं पुढे आली आणि मला जो आनंद झाला तो देवीमुळे नव्हता. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी नऊ दिवस पुरे केले, मग कोजागरीपर्यंत ताणलं, मग दिवाळीत फराळाच्या डब्यासमोर जे व्हायचं ते झालं. दिवाळीनंतर भेटलेल्या बायका म्हणाल्या, काय गं, किती छान बारीक झालीस! सावरायला मला पुढचा पावसाळा उजाडला. आणि सावरले तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, हं, आता तब्येत सुधारली. मराठीत 'तब्येत' म्हणजे आरोग्यही आणि अंगावरचं मांसही. कुठला अर्थ घ्यायचा हे ऐकणारीवर सोडलेलं असतं, आणि आजार नेहमी दुसराच घेतो. म्हणून 'बाहेर आली' हा शब्द मी जपून वापरते. ही खोली नाही की दार ओढून घेतलं आणि झालं. ताप उतरल्यासारखा हा उतरत नाही. मोडलेल्या हाडासारखा आहे, जुळतो, वापरता येतो, आणि कुठल्या बाजूने भार टाकायचा नाही हे मालकाला माहीत असावं लागतं.

चुलतबहिणीला मात्र एक सांगायचं राहिलं. 'उपवासच बंद करा' म्हणताना ती त्या मुलीच्या हातून देवीही काढून घेतेय. या आजारात आधीच माणूस पंगतीतून उठलेलं असतं. वाढदिवस चुकवलेले, सहली टाळलेल्या, डबा एकटीने खाल्लेला. बरं होणं म्हणजे पुन्हा चार माणसांत येऊन बसणं. सणातून बाहेर बसवून ते कसं व्हायचं? मला यातून वाट दाखवली ती आईने, आणि तिने एकही पुस्तक वाचलं नव्हतं. त्या पावसाळ्यानंतरच्या नवरात्रात ती मला म्हणाली, नऊ दिवस देवी उपाशी असते का गं? मग रोज नैवेद्य कुणाला दाखवतो आपण? उपवास करणारी एक असते आणि जेवणारी एक असते. कुमारिका बोलावतो, सवाष्ण बोलावतो, तिचे पाय धुतो, तिला पाटावर बसवून पुरणाचं जेवू घालतो, का, तर ती देवी म्हणून. जेवणारी मिळाली नाही तर उपवास करणारीचं व्रत अडतं. तू जेवणारी हो.

'सवाष्ण' या शब्दात विधवेला उंबऱ्याबाहेर ठेवणारी क्रूरता आहे, हे मी विसरलेले नाही. आईने स्वतः बाबा गेल्यावर ती सोसली, आणि आमच्या घरी आता ओटी भरताना तो भेद आम्ही ठेवत नाही. पण जेवणाऱ्या बाईला पाट देणारा विधी आपल्याच घरात, आपल्याच नवरात्रात आहे, आणि भांडणाऱ्या तिघांपैकी एकालाही तो आठवला नाही, याचं मला नवल वाटतं. काकू मात्र काही न बोलता ऐकत होती. परवा तिचा भाचीला फोन आला: पंचमीला कुमारिका म्हणून तू जेवायला ये, पुरण घालतेय, साडेबाराला पान वाढीन. भाचीने विचारलं, माझं अकराचं खाणं असतं, ते खाऊन आले तर चालेल ना? काकू म्हणाली, खाऊन ये, आणि येताना विड्याची पानं घेऊन ये, इथली संपलीत.